पॉइंट नऊ

स्टूल चार बोटं वर चढवलेलं होतं. मोजणीबाई नेहमीसारखी मागे न बघता बसली आणि तिच्या टाचा जमिनीला लागायच्या ऐवजी अधांतरी राहिल्या. एवढंच झालं. ती पडली नाही, धडपडली नाही, कुणी पाहिलंही नाही. तरी हातातला पेशंटांच्या कागदांचा गठ्ठा तिनं मांडीवर घट्ट दाबून धरला. बावीस वर्षं हे स्टूल एकाच उंचीवर होतं. त्या उंचीला दांड्याला गंज धरला होता. झाडायला येणारी बाई ते सरकवायची, पण फिरवायची नाही. काल अर्धा दिवस मोजणीबाईची रजा होती. नवऱ्याची दाढ काढायला त्याच्याबरोबर जावं लागलं होतं. तेवढ्या वेळात कुणीतरी गंज मोडून स्टूल फिरवलं. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारत हिंडायची गरज नव्हती. एवढे लांब पाय सबंध दवाखान्यात एकीचेच होते.

ती पोरगी दीड महिन्यापूर्वी आली, उजेडाच्या यंत्राबरोबर. आधी खोक्यातून यंत्र उतरलं आणि मागोमाग ती. मोतीबिंदू काढला की डोळ्यात जे भिंग बसवायचं, त्याचा नंबर ठरवायला डोळ्याची लांबी लागते, पुढच्या बुबुळापासून थेट मागच्या पडद्यापर्यंतची, आणि तिथं केसाएवढी चूकही पुढे माणसाला जन्मभर छळते. आजवर ती लांबी आवाजाच्या यंत्रावर निघायची. पेनासारखी एक कांडी बुबुळाला टेकवायची. ती आत आवाज सोडते, आवाज पडद्यावर आपटून परत येतो आणि यंत्र अंतर सांगतं. कांडी टेकवणं हेच काय ते कसब. बाईचं नाव त्यावरूनच पडलेलं, आणि ते इतकं रुळलेलं की तिच्या डब्याच्या पिशवीलासुद्धा लोक मोजणीबाईची पिशवी म्हणत. नवं यंत्र डोळ्याला शिवतही नाही. उजेडाची रेघ आत जाते आणि आकडा समोर हजर. बाईनं त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. कारण मोतीबिंदू पिकून तपकिरी झाला, दगडासारखा घट्ट झाला, की उजेड आत शिरतच नाही. मग तो डोळा पुन्हा बाईकडे, जिन्याखालच्या या बिनखिडकीच्या खोलीत. सोपं ते तिला, अवघड ते मला, अशी वाटणी बाईनं मनातल्या मनात करून टाकली होती आणि तेवढ्यावर तिला बरी झोप लागत होती.

गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा कागद रफूवालीचा होता. रफूवाली म्हणजे फाटलेल्या कापडाला असा धागा भरणारी म्हातारी, की फाटलं कुठं होतं ते मालकालाच सापडू नये. तिचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्यात मोतीबिंदू पिकून तपकिरी झालेला, त्यात जुन्या सुजेनं बाहुली आवळून चिकटलेली. सहा महिने औषधं घालून घालून तो डोळा ऑपरेशनला तयार केला होता, आणि हे सहा महिने बाई त्या डोळ्याची वाट बघत होती. असा डोळा आपल्याशिवाय कुणाला मोजता येणार, असं तिनं सिस्टरांना दोनदा तरी ऐकवलं होतं. कागदावर आकडा छापलेला होता, बावीस पॉइंट चौऱ्याण्णव. त्याखाली 'मोजणारे' असा रकाना असतो. त्यात पोरीची सही होती, गोल, मोठी, शाळेतल्या हुशार मुलींची असते तशी.

"मॅडम, स्टूल मी वर केलं होतं काल," पोरगी दारातून म्हणाली. "खाली करायचं राहूनच गेलं." पहिल्या दिवशी ती काकू म्हणाली होती. बाईनं तिच्याकडे असं पाहिलं होतं, की दुसऱ्या दिवसापासून मॅडम.

"रफूवालीचं तू घेतलंस?"

"सर म्हणाले, घे. उजेडाच्या यंत्रावर आलंच नाही, मग खाली आणलं. पाण्याच्या वाटीनं घेतलं. डोळ्यावर छोटी वाटी ठेवायची, तिच्यात पाणी, आणि कांडी पाण्यात धरायची. बुबुळाला टेकतच नाही. म्हणजे दाब पडायचा प्रश्नच नाही."

"माझी कांडी बावीस वर्षं टेकतेच आहे. कुणाचा डोळा फुटल्याचं ऐकलं नाहीस ना?"

"तसं नाही हो म्हटलं मी," पोरगी हसून म्हणाली आणि निघून गेली. तिला राग येत नाही, हेही बाईच्या डोक्यात गेलं.

सर म्हणाले, घे. बाई ते तीन शब्द जिभेवर फिरवत बसली. सर म्हणजे ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर, त्यांचं आणि तिचं बोलणं असं कधी फार झालंच नव्हतं. बावीस वर्षांत त्यांनी तिच्या घरी कोण असतं हे विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. पण ऑपरेशनच्या खोलीत कुणी शिकाऊ डॉक्टर मापाबद्दल शंका काढायला लागला, की सर मास्कच्या आतून म्हणायचे, "आकडा बाईंचा आहे ना? मग झालं." ते वाक्य सिस्टर बाहेर येऊन बाईला सांगायची. बाई तोंडदेखलं म्हणायची, असू दे, असू दे, आणि मग संध्याकाळी घरी जाताना ते वाक्य पुन्हा पुन्हा काढून बघायची. तिच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं. आणि गेल्या आठवड्यात तिनं काचेतून पाहिलं, सर पोरीच्या टेबलाशी उभे होते, ओणवे होऊन, आणि विचारत होते. सर विचारत होते. ही वाटी किती मिलिमीटरची असते, पाणी सांडत नाही का, मला दाखव बघू. पोरीनं त्यांचाच चष्मा काढायला लावला आणि त्यांच्याच डोळ्यावर वाटी ठेवून दाखवली. सर आडवे पडून हसत होते. बाईच्या कांडीबद्दल त्यांनी कधी एक प्रश्न विचारला नव्हता. इतके दिवस तिला तो विश्वास वाटत आला होता. काचेपलीकडे उभं राहून तिला पहिल्यांदा वाटलं, की ज्याच्याबद्दल कुणी काही विचारत नाही ते कदाचित कुणाला बघावंसंही वाटत नसेल.

हा जळफळाट तिला नवा नव्हता. लहानपणी धाकटी बहीण दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि वडील डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीनं रेघ मारायचे. धाकटी भराभर वाढत होती. मोठीच्या जुन्या रेघा एकेक करून मागे टाकत होती आणि घरात त्याचं कौतुक चाललं होतं. एका वर्षी वडील कामावर होते, तेव्हा रेघ मारायचं काम मोठीकडे आलं. तिनं जाड पुठ्ठ्याची वही धाकटीच्या डोक्यावर ठेवली आणि दाबली. केस दाबले, मग अजून थोडी दाबली, धाकटी किंचित गुडघ्यात वाकली, तेवढ्यात रेघ मारली. रेघ चांगली बोटभर खाली आली. संध्याकाळी आई काळजीत पडली, की पोरीची वाढ खुंटली, आणि दुसऱ्या दिवसापासून धाकटीला दुधाचा दुसरा पेला चालू झाला. मोठीला एकच. बाईला हे आठवलं की एरवी हसू यायचं. आज आलं नाही.

रफूवाली रक्तदाब तपासायला आलीच होती. बाईनं तिला व्हरांड्यातून आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"माप झालं ना पण काल?" म्हातारी स्टुलाशी चाचपडत म्हणाली. "ती उंच मुलगी. फार गोड बोलते हो."

"एकदा मी बघते. अवघड डोळा आहे तुमचा."

"बघा की. एकच आहे, चांगला दोघींनी मिळून बघा." ती खुर्चीत टेकली आणि मान मागे टाकून म्हणाली, "डॉक्टरांना मी सांगितलंय, लांबचं मला काही नको. समोरून बस कुठली आली ते दुसरं कुणीही सांगेल. मला सुईचं नेढं दिसलं पाहिजे. वर्ष झालं, मी नुसती धाग्याला हात लावून बसते. सून म्हणते, आता आराम करा. आराम करून काय करू? भिंतीशी बोलू?"

बाईनं थेंब घातला, कांडी उचलली. या क्षणी तिचं सगळं अंग शांत व्हायचं. डाव्या हाताची दोन बोटं पापणीवर, उजव्या हाताची करंगळी गालावर टेकलेली, आणि कांडी अशी अलगद पुढे, की पेशंटला कळूही नये. पडद्यावर उभ्या रेघा उमटल्या, सरळ, उंच. बावीस पॉइंट एकसष्ट. पुन्हा घेतलं. साठ. पुन्हा. एकसष्ट. पाचही वेळा आकडा जेमतेम हलला. हात असा असावा लागतो, ती मनाशी म्हणाली, आणि तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पोरीच्या मापात डोळा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यानं लांब आला होता. तिच्या मापानं भिंग चोवीस नंबरचं, बाईच्या मापानं पंचवीसचं. बाईला इतका आनंद झाला, की तिला त्याची शरमही वाटली नाही. चुकली. उंच पाय, गोड बोलणं, पाण्याची वाटी, आणि चुकली. ती कागद घेऊन जिना चढली, तेव्हा तिचे गुडघे दुखत नव्हते.

सर एकटेच होते, केळं खात होते. त्यांनी दोन्ही कागद बघितले आणि केळ्याचं साल नीट घडी करून बशीत ठेवलं.

"बाई, तिचं बरोबर आहे."

"सर, मी पाच वेळा घेतलंय."

"पाचही वेळा तेवढंच येणार. तुमचा हात दाबतो थोडा." ते अगदी सहज बोलत होते, कुणाला सांगावं की तुमच्या बुटाची नाडी सुटलीय तसं. "बुबुळ मऊ असतं, कांडीनं जरा आत जातं, तेवढा डोळा आखूड भरतो. तुमचा नेहमीच आखूड भरतो. पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं. पण तुमचा दाब रोज सारखा असतो, ते महत्त्वाचं. मी तेवढं धरूनच चालतो. त्यात काही बिघडत नाही. पण हा एकुलता एक डोळा आहे, तर नेमकं माप हाताशी असताना तेच घेऊ." त्यांनी कागदावर चोवीस लिहिलं, त्याभोवती गोल केला आणि वर बघून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका हं."

मनाला लावून घेऊ नका. घरी येऊन तिनं भाजी चिरली, नवऱ्याला गालावर शेकायला पिशवी दिली. नवरा एका बाजूनं सुजलेल्या तोंडानं पेपर वाचत होता. चार वर्षांपूर्वी त्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा माप तिनंच घेतलं होतं, आणि भिंग इतकं तंतोतंत बसलं होतं की तिनं नणंदांना फोन करकरून सांगितलं होतं. आता तिनं त्या डोळ्याकडे पाहिलं. त्यातही तिचं माप आखूड होतं आणि सरांनी तेवढं धरलं होतं. आपण बावीस वर्षं वाकडी रेघ मारत होतो आणि कुणीतरी आपल्या मागे उभं राहून ती गुपचूप सरळ करत होतं. हजारो डोळे. आणि एकदासुद्धा सांगितलं नाही. लहान पोराच्या हातात भांडं देऊन खालून आपला हात धरावा, तसं.

"कुणी नवीन आली तर आली," नवरा गालावरची पिशवी सावरत म्हणाला. त्याला तिनं अर्धंच सांगितलं होतं. "तुला काय जा म्हणालेत?"

"नाही."

"मग झालं तर."

आपला हात दाबतो, हे तिच्या तोंडून नवऱ्यापुढेसुद्धा निघालं नाही. तिला सरांचा राग येत नव्हता, हे तिचं तिलाच विचित्र वाटत होतं. सगळा राग त्या पोरीवर जात होता. ती आली नसती, तिनं ती वाटी आणली नसती, तर माझा हात आयुष्यभर बरोबरच राहिला असता.

सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या टेबलावर सिस्टरनं भिंगांची खोकी ओळीनं मांडली होती, प्रत्येक खोक्याखाली त्या त्या पेशंटचा कागद. रफूवालीचा नंबर तिसरा. अजून अर्धा-पाऊण तास होता. बाईला तिथं काही काम नव्हतं. आपण तिथं का उभ्या आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. जिभेनं दुखऱ्या दाताकडे जावं तशी ती त्या चोवीस आकड्याकडे आली होती. तिनं खोकं उचललं. भिंगाचा एक स्वतःचा आकडा असतो, कारखान्यानं ठरवलेला. डोळ्याच्या लांबीबरोबर तो हिशेबात घातला की नंबर निघतो. खोक्यावर छापलं होतं, एकशे अठरा पॉइंट नऊ. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात यंत्रानं छापलं होतं, एकशे अठरा पॉइंट शून्य. या कंपनीचं भिंग आल्यापासूनची चार वर्षं ती ओळ तिनं रोज पाहिली होती आणि एकदाही वाचली नव्हती. भिंगाची कंपनी बदलली की सर स्वतः खाली यायचे, यंत्रासमोर दहा मिनिटं बसायचे, काही दाबायचे आणि म्हणायचे, झालं बाई, घाला. तिला वाटायचं, खोक्यावरचा आकडाच घालत असतील.

हे पॉइंट नऊ म्हणजे ती होती. सरांनी तिचा हात यंत्रात घालून ठेवला होता. तिचं माप आखूड यायचं, म्हणजे भिंग जास्त ताकदीचं निघायचं, म्हणून त्यांनी तिथून तेवढं काढून घेतलं होतं. तिच्या मापाला ते औषधासारखं लागू पडत होतं. पण पोरीचं माप आखूड नव्हतंच. पोरीनं या यंत्रावर वाटी लावून पहिल्यांदाच डोळा मोजला होता, आणि तिनं न केलेल्या चुकीची यंत्रानं वजाबाकी केली होती. बाईनं कागदाच्या पाठीमागे पेन्सिलीनं गणित मांडलं. पोरीची लांबी आणि खोक्यावरचा आकडा घेतला, पंचवीस आलं. तिची स्वतःची आखूड लांबी आणि यंत्रातला आकडा घेतला, तरी पंचवीस. चोवीस फक्त तेव्हा येत होतं, जेव्हा माप तिचं आणि दुरुस्ती माझी.

सर हे विसरले होते. धरून चालतो म्हणाले होते आणि कुठं धरलंय तेच विसरले होते.

तिनं खोकं खाली ठेवलं. काही करायचंच नव्हतं, हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिनं आजूबाजूला पाहिलं. चोवीस नंबर आत जाईल. उद्या पट्टी निघेल, म्हातारी मांडीवर कापड घेईल, सुई डोळ्यासमोर धरेल आणि नेढं धूसर दिसेल. ती सुई लांब नेईल, जवळ आणेल. सर कागद मागवतील. 'मोजणारे' या रकान्यात गोल सही. वाटी कपाटात जाईल, आणि अवघड डोळा आला की सर जिन्यावरून खाली हाक मारतील. बाईनं एक शब्दही खोटा बोललेला नसेल. आणि सांगायचं म्हटलं तर काय सांगायचं? की माझा हात दाबतो, इतका दाबतो की त्याला यंत्रात जागा करून द्यावी लागलीय. तेही त्या पोरीसमोर. तिनं मधला मार्गही शोधून पाहिला. सिस्टरला म्हणावं, सरांनी नंबर बदललाय, आणि गुपचूप पंचवीसचं खोकं ठेवावं. पण आज खाली आणखी एक पिकलेला डोळा येणार होता, उद्या आणखी एक, आणि पोरगी वाटी घेऊन बसणारच होती.

व्हरांड्यात रफूवाली हिरव्या झग्यात बसली होती, डोळ्यात थेंब घातलेले, मान वर. तिची बोटं झग्याच्या शिवणीवरून फिरत होती. उसवलेली जागा तिला सापडली होती आणि ती चिमटीत धरून ती शेजारच्या बाईला काहीतरी समजावत होती.

मोजणीबाई खाली गेली. पोरगी वाटी धूत होती.

"हा कागद घे आणि वर जा," बाई म्हणाली. "सरांना म्हणावं, यंत्रात खोक्यापेक्षा पॉइंट नऊ कमी घातलेलं आहे. तुझ्या मापाला ते लागत नाही. रफूवालीला पंचवीस घाला."

पोरीनं कागद उलटसुलट पाहिला. तिचा चेहरा उतरला. "हे पॉइंट नऊ कशाचं आहे?"

यंत्राचं म्हणता आलं असतं. जुनं यंत्र, असतं त्याचं काहीतरी.

"माझ्या हाताचं," बाई म्हणाली. "माझा हात दाबतो. तेवढं वजा केलेलं आहे. जा लवकर, हात धुवायला लागतील ते."

पोरगी दोन-दोन पायऱ्या चढत गेली. बाई उभीच राहिली. पाच मिनिटांनी पोरगी परत आली, तेव्हा तिला धाप लागली होती.

"पंचवीस केलं. सर म्हणाले, बरं झालं, माझ्या लक्षातच नव्हतं."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, यंत्रातला आकडा आत्ताच बदलून टाका. खोक्यावरचाच ठेवा."

"आणि?"

पोरीनं जरा आठवून पाहिलं. "मी सांगितलं त्यांना, मॅडमच्या लक्षात आलं म्हणून. हं म्हणाले."

बाईनं यंत्र चालू केलं. आतलं ते पान तिनं कधी उघडलं नव्हतं, पण सरांची बोटं कुठं कुठं जायची ते तिला पाठ होतं. शून्य खोडलं, नऊ घातलं, खात्री आहे का असं यंत्रानं विचारलं, आणि तिनं हो दाबलं.

पोरगी तिच्या खांद्यामागून बघत होती. "मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "पण आता तुम्ही कांडीनं घेतलंत तर?"

"चुकेल."

दारात पुढचा पेशंट येऊन उभा राहिला, भिंतीला हात लावत. बाई बाजूला झाली आणि पोरीला म्हणाली, तूच घे. पोरीनं त्याला आडवं केलं, पापण्यांच्या मधे वाटी बसवली, पाणी सोडलं. बाई तिच्या उजव्या हाताकडे एकटक बघत राहिली. तो हात आता थरथरावा, असं तिला मनापासून वाटत होतं. तो थरथरला नाही.